गोठ्यातली खबर

गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की पुढचं सगळं घरच्याच माणसाला उरकावं लागतं. मेलेलं वासरू ओढून काढायचं, अडकलेला जार हातानं सोडवायचा, पोत्यात भरून ओढ्याकाठी नाहीतर उकिरड्यावर टाकून यायचं आणि गोठा धुऊन काढायचा. औंढा नागनाथ तालुक्यातल्या वाडी-वस्तीवर हे काम उघड्या हातांनीच होतं. जनावरांच्या डॉक्टरला बोलावणं जातं ते दुसऱ्या दिवशीही जार पडला नाही तर. गाय का गाभडली याची कारणं शेजारीपाजारी सांगतात: नजर लागली, उष्णता झाली, दुसऱ्या जनावरानं शिंग मारलं. पुढे तीन-चार आठवड्यांनी त्याच माणसाला संध्याकाळचा ताप येऊ लागतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कंबर आणि सांधे धरतात. ताप चार दिवस जातो, पुन्हा येतो. खासगी डॉक्टर रक्त तपासतो, विडाल चाचणीच्या भरवशावर टायफॉइड ठरवतो, सलाईन लावतो. गाय गाभडल्याची गोष्ट त्या दवाखान्यात निघतच नाही, कारण ती कोणी विचारत नाही. ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग अशा रीतीनं एकाच घरात दोनदा येऊन जातो आणि सरकारच्या दोन्ही वह्यांमध्ये त्याची ओळ पडत नाही. टायफॉइडच्या आठवडाभराच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. त्याला दोन औषधं मिळून सहा आठवड्यांचा उपचार लागतो, आणि तो अर्ध्यावर सुटला की दुखणं उलटतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘खबर’ हा विषय दिला. रोगाची खबर कुठून निघते आणि कुठे अडते हे पाहायला औंढा निवडलं, त्याला कारण आहे. हे ज्योतिर्लिंगाचं गाव. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी देवळाभोवती लांबलांबची माणसं दाटतात; बाहेरचा आजार इथे यायला आणि इथला बाहेर जायला एक एसटीचा प्रवास पुरतो. भोवतालचा तालुका मात्र सोयाबीन, कापूस, तूर, हळद आणि दावणीच्या जनावरांवर जगणारा आहे. माणूस आणि गुरं इथे बहुतेक घरांत एकाच अंगणात राहतात. रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा मात्र दोन आहेत: एक माणसांची, एक जनावरांची. दोन्ही वरच्या टोकाला चांगल्या बांधलेल्या आहेत. त्यांची दुबळी बाजू आहे ती सुरुवातीला, अंगणात. तिथली पहिली खबर देणाऱ्याला आज त्यातून काही मिळत नाही, उलट बरेचदा त्याचं नुकसानच होतं. हे बदललं नाही तर वरची पोर्टलं आणि प्रयोगशाळा उशिरा आलेल्या बातम्यांची नोंद करत राहतील.

आठवड्याचा हिशेब

माणसांच्या बाजूची मुख्य व्यवस्था म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. नोव्हेंबर 2004 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं तो सुरू झाला. त्याची रचना साधी आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो. उपकेंद्रातली सिस्टर आणि आरोग्य सेवक ‘एस’ फॉर्म भरतात. त्यात निदान लागत नाही, फक्त लक्षणं: ताप किती दिवसांचा, अंगावर पुरळ आहे का, झटके आले का, जुलाब, कावीळ, खोकला, अचानक आलेला लुळेपणा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ‘पी’ फॉर्ममध्ये आपला अंदाज लिहितात, प्रयोगशाळा ‘एल’ फॉर्ममध्ये तपासणीचा निकाल. एप्रिल 2021 पासून हे सगळं एका राष्ट्रीय पोर्टलवर गेलं. पूर्वी गावाचा नुसता आकडा वर जायचा, आता एकेका रुग्णाची नोंद गावासकट जाते. हिंगोलीतला जिल्हा सर्वेक्षण कक्ष ते आकडे मागच्या आठवड्यांशी ताडून पाहतो आणि कुठे उसळी दिसली तर पथक धाडतो.

या पद्धतीची ताकद तिच्या साधेपणात आहे. पावसाळ्यात एखाद्या वस्तीवर एकाच आठवड्यात दहाजणांना जुलाब झाले तर कॉलरा आहे की आणखी काही, हे कळायची वाट पाहावी लागत नाही. नाल्यातून गेलेली फुटकी पाइपलाइन शोधायची, टाकीत टीसीएल पावडर टाकायची, पाण्याचे नमुने घ्यायचे. निदान मागून येतं. महाराष्ट्रात अशा किती साथी वस्तीच्या बाहेर पडण्याआधीच विरल्या असतील. त्यांची बातमी होत नाही, म्हणून या कामाचं श्रेयही कोणाला मिळत नाही.

पण फॉर्म तेवढंच विचारतो जेवढं त्यात छापलेलं असतं. 2024 सरता सरता आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. एस फॉर्मच्या शेवटी ‘वेगळी लक्षणं’ असा रकाना होता, पण मृत्यू किंवा दवाखान्यात भरती अशी त्याची अट. केस गळून कोणी मेलं नव्हतं, कोणी भरतीही झालं नव्हतं. ही खबर उठली ती गावकऱ्यांच्या तक्रारीनं आणि वर्तमानपत्रांनी. त्यानंतर आरोग्य खात्याची आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं तिथे पोचली. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2008 पासून बातम्या चाळणारा एक कक्षच आहे. म्हणजे फॉर्मबाहेरची खबर लागते, हे व्यवस्थेनं स्वतः कबूल केलेलं आहे. प्रश्न एवढाच की ती खबर तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत पोचायची वाट का पाहायची.

कानातला पिवळा बिल्ला

जनावरांच्या बाजूला कागदापेक्षा जनावर स्वतःच नोंदवही झालं आहे. लसीकरणाच्या दिवशी गावात हे पाहता येतं. एकानं वासराचं डोकं बगलेत घट्ट धरायचं, दुसऱ्यानं कान पुसून उजेडाकडे धरायचा, म्हणजे शिरा दिसतात. दोन शिरांच्या मधली जागा पाहून पक्कड एका झटक्यात दाबायची. वासरू उसळतं, कानात पिवळा बिल्ला बसलेला असतो, त्यावर 12 आकडे. ते मोबाइलवर चढवायचे, मालकाचं नाव जोडायचं, मग लस. सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा आणि ब्रुसेलोसिसची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा, अशी योजना आहे. ब्रुसेलोसिसची ती लस जिवंत जिवाणूंची असते. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर तोच आजारी पडू शकतो. ऐन उन्हात हातमोजे आणि चष्मा घालून हे काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांचं मोल आपण ओळखलेलं नाही, असं मला वाटतं.

बिल्ल्यामुळे जनावर कोणाचं, लस कधी टोचली, हे कळतं. रोग कुठे उठला हे त्यातून आपोआप कळत नाही. त्यासाठी मालकानं हाक मारावी लागते, 1962 या क्रमांकावर फोन करावा लागतो किंवा दवाखान्यात यावं लागतं. त्या दवाखान्यातल्या एकाच माणसाकडे उपचार, कृत्रिम रेतन, लसीकरण, योजनांचे अर्ज आणि शवविच्छेदन, सगळंच असतं. जनावरांमधील सांसर्गिक रोगांच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानं इथे एक चांगली तरतूद केली आहे. ठरवून दिलेल्या रोगाचा संशय आला तर मालकानं किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं गावच्या अधिकाऱ्याला वा ग्रामपंचायतीला कळवलं पाहिजे, आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकाला लेखी. माणसांच्या आजाराबाबत गावपातळीवर इतकी स्पष्ट साखळी क्वचितच लिहिलेली सापडेल. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी असते, पाणीपट्टीची थकबाकी असते; या कलमाचा फलक मात्र लागत नाही.

खबर वेळेवर येण्यावर किती अवलंबून असतं हे फाशी रोगात सगळ्यात उघड दिसतं. धडधाकट बैल सकाळी मेलेला सापडतो, नाकातून आणि गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त. अशा जनावराची चिरफाड करायची नसते. पशुवैद्यक कानाच्या टोकाशी टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतो, तो पसरून वाळवतो, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि कानावरची जखम लगेच कापसानं बंद करतो. कारण रक्त हवेत उघडं पडलं की जिवाणू बीजाणूंचं रूप घेतात आणि जमिनीत कित्येक दशकं टिकून राहतात. हीच चीज माणसाच्या कातडीवर काळपुळी म्हणून उठते. इथे सर्वेक्षण म्हणजे एक थेंब रक्त आणि दोन तासांची घाई. जनावर फाडल्यावर, कातडं काढल्यावर किंवा ओढ्यात लोटल्यावर खबर आली तर पुढची पाच-पंचवीस वर्षं त्या जागेवर चरणारी गुरं धोक्यात राहतात.

जनावर आधी, माणूस मागून

ही दोन खाती एकत्र वाचली पाहिजेत, याचा सगळ्यात कडवट पुरावा मराठवाड्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि मग माणसांच्या जांघेत-काखेत गाठी उठल्या. भूकंपानंतर रिकाम्या पडलेल्या घरांत साठवलेलं धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर, असा संबंध तेव्हा जोडला गेला. महिन्याभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून निघाली, जगभरात भारताची विमानं आणि माल अडवला गेला. त्यानंतरच 1997-98 मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षणाची योजना आखली गेली आणि तिच्यातून पुढे 2004 चा कार्यक्रम आला. आज औंढ्याच्या उपकेंद्रात जो फॉर्म भरला जातो त्याचं मूळ असं मराठवाड्यातल्याच एका गावात आहे. तरीही त्या फॉर्ममध्ये मेलेल्या उंदरांना जागा मिळाली नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना ती जागा ठाऊक होती. 1896 च्या मुंबईतल्या प्लेगनंतर जेव्हा साथ खेडोपाडी पसरली, तेव्हा घरात उंदीर पडला की गावं शिवारात झोपड्या बांधून राहायला जात. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेची भूमिका मांडली आणि पुढच्या दशकात प्लेग आयोगाच्या मुंबईतल्या प्रयोगांनी ती पक्की केली. लोकांचं निरीक्षण त्याआधीच कृतीत उतरलेलं होतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गमध्ये आज हेच चालतं. 2016 मध्ये केर गावाच्या परिसरात माकडताप आला. हा गोचिडीतून येणारा रोग 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि माकडं मरणं ही त्याची पहिली खूण. म्हणून तिथे मेलेलं माकड दिसलं की वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांना कळवलं जातं, गोचिडी गोळा केल्या जातात, काजूच्या बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल दिलं जातं. म्हणजे खाती एकत्र काम करू शकतात. मात्र दोडामार्गमध्ये त्यासाठी आधी माणसं दगावावी लागली.

खबर देणाऱ्याचा तोटा

औंढ्याच्या शेजारचा जिल्हा परभणी. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मुरुंबा गावात बचत गटानं चालवलेल्या कुक्कुटपालनात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू निघाला. नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच रोगानं मेलेल्यांची मिळत नाही. हा नियम वाईट नाही. त्यानं लवकर कळवणाऱ्याच्या पदरात काही पडतं. पण कळवणाऱ्याच्या शेजाऱ्याच्या निरोगी कोंबड्याही जातात, आठवडाभरात जिल्ह्यात अंड्या-चिकनचे भाव कोसळतात, आणि गावात बोट त्याच्याकडेच दाखवलं जातं. ज्यानं 20 पक्षी मेल्यावर गुपचूप उरलेले बाजारात काढले, त्याचं मात्र काही बिघडत नाही.

लम्पीनं हा हिशेब घराघरात नेला. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातून ही साथ राज्यात पसरू लागली. सप्टेंबरात सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, जनावरांचे बाजार बंद झाले. कातडीवर गाठी, ताप, पायांवर सूज, दूध आटणं. हा रोग माणसाला होत नाही, पण माणसाच्या वागण्याबद्दल त्यानं खूप शिकवलं. सुरुवातीला गाठी दिसलेलं जनावर लपवलं जात होतं, कारण कळवलं तर बाजार बंद आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत बैल अडकणार. पुढे सरकारनं दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत ठरवली, लस मोफत केली, आणि दवाखान्यांबाहेर नोंदीसाठी माणसं उभी राहू लागली. मदत मिळाली ती मात्र जनावर मेल्यावर. आजारी जनावर पहिल्याच दिवशी कळवून, शेजाऱ्यांपासून वेगळं बांधून, महिनाभर सेवा करून ज्यानं वाचवलं, त्याच्या चाऱ्याचा आणि बुडालेल्या दुधाचा खर्च कोणी मोजला नाही. सर्वेक्षणाच्या दृष्टीनं खरं काम त्यानं केलं होतं.

पैसे दिले की खोट्या नोंदी वाढतील, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. देवी रोगाच्या उच्चाटनाच्या शेवटच्या टप्प्यात, 1975 मध्ये, देवीचा रुग्ण दाखवणाऱ्याला 1,000 रुपये बक्षीस जाहीर झालं होतं. कांजिण्यांपासून खरुजेपर्यंत हजारो खोट्या खबरी आल्या, प्रत्येकीची शहानिशा झाली. रोग संपला आहे ही खात्री त्या खोट्या खबरींमुळेच देता आली. इतके डोळे पाहत असूनही काही सापडत नाही, हाच तो पुरावा होता. बुळकांडीच्या बाबतीतही पशुसंवर्धनाची माणसं गावोगाव विचारत फिरली, ‘नाही’ या उत्तराचीही नोंद केली, आणि 2006 मध्ये भारत त्या रोगापासून मुक्त ठरला.

गोंगाटातला संकेत

दुसरा आक्षेप आरोग्य खात्यातल्या लोकांचा आहे आणि तो वजनदार आहे. आशाताईंवर आणि सिस्टरवर आधीच इतक्या नोंदींचा भार आहे. त्यात गायी-कोंबड्या घातल्या तर माणसांची नोंदही बिघडेल. शिवाय गाई गाभडतात त्या अनेक कारणांनी, कोंबड्या मानमोडीनंही मरतात. प्रत्येकामागे धावायचं कोणी? याच तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे, आणि या प्रश्नाचं तिथलं उत्तर इथेही लागू पडतं. अशा वेधशाळेचं यंत्र रस्त्यावरच्या ट्रकपासून समुद्राच्या लाटांपर्यंत कशानंही थरथरतं. म्हणून एकट्या यंत्राच्या थरथरीवर शास्त्रज्ञ विश्वास टाकत नाहीत. दूरवरच्या दुसऱ्या यंत्रानं तीच थरथर जवळजवळ त्याच क्षणी टिपली तरच ती खरी धरतात. एका गावात एक गाय गाभडणं हा गोंगाट आहे. एका गावात महिन्याभरात तीन गाई गाभडणं आणि त्याच गावात दोघांचा न हटणारा ताप, हा संकेत आहे. तो पाहायला नवा फॉर्म लागत नाही, दोन जुने फॉर्म शेजारी ठेवावे लागतात. आशाताईंनी जनावरांची गणती करायची गरज नाही. लांबलेल्या तापाच्या रुग्णाला आरोग्य केंद्रात एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ आहे: घरात जनावर गाभडलं का, मेलं का?

तिसरं म्हणणं असं की हे सगळं जुनं झालं, आता तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात, पुण्यात कोविडचा शोधला. खरं आहे, पण त्याला गटारांचं जाळं लागतं. औंढ्याच्या वाड्यांवर घरातलं पाणी दारातल्या शोषखड्ड्यात किंवा रस्त्यावर जातं. इथल्या परिस्थितीला साजेसं तंत्र निराळं आहे, आणि ते कित्येक दशकांपासून हाताशी आहे. दूध संकलन केंद्रावरच्या एकत्र दुधातून थोडं दूध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात निळसर रंगवलेल्या मृत ब्रुसेला जिवाणूंचा थेंब टाकायचा, नळी तासभर अंगाइतक्या उबेत ठेवायची. गावातल्या एखाद्या जनावरात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं असली तर ती रंगीत जिवाणूंना घेऊन सायीबरोबर वर येतात: वर निळं कडं, खाली पांढरं दूध. कुठलीच गाय धरावी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, मालकाचं नावही लागत नाही. कडं दिसलं की मगच त्या गावातल्या जनावरांचं रक्त तपासायचं. ही चाचणी चुकते. चीक किंवा सड सुजलेल्या गाईचं दूध मिसळलं तर उगाच कडं उमटतं. पण कुठे पाहायचं एवढं ती सांगते, आणि कोणा एका शेतकऱ्यावर ठपका येऊ न देता सांगते. मला वाटतं या पद्धतीचा खरा गुण हाच आहे.

एकाच बैठकीतली दोन माणसं

माणूस आणि जनावरांच्या आरोग्याकडे एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला नागपूरला डिसेंबर 2022 मध्ये बसली. हिंगोलीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1970 च्या दशकापासून आहे. म्हणजे औंढ्याच्या आसपास आता माणसांचे आणि जनावरांचे, दोन्ही प्रकारचे शिक्षक, विद्यार्थी आणि प्रयोगशाळा आहेत. तालुक्यात तर अंतर त्याहून कमी आहे. तालुका आरोग्य अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी दोघेही पंचायत समितीच्या मासिक आढावा बैठकीला बसतात, एकापाठोपाठ एक उठून आपापल्या योजनांची उद्दिष्टं सांगतात. त्यांनी उद्दिष्टांआधी दहा मिनिटं गावांची नावं वाचून दाखवावीत: माझ्याकडे या गावांत ताप लांबलाय, माझ्याकडे या गावांत गाई गाभडल्यात. दोन्ही याद्यांत एखादं नाव आलं तर दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एका जीपमधून जायचं. याला मंत्रालयाचा शासन निर्णय लागत नाही. गटविकास अधिकाऱ्यानं विषयपत्रिकेत एक ओळ वाढवली की झालं.

आणि खबर देणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे. आज नमुना हिंगोलीहून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा भोपाळला जातो, अहवाल जिल्ह्याला येतो, आणि ज्याच्या गोठ्यातून तो गेला त्याला महिनाभरानं दवाखान्यात सहज गाठ पडली तर कळतं. निकाल काही नसला तरी ‘काही नाही निघालं’ हे त्याला फोन करून सांगायला हवं, कारण पुढच्या वेळी तो कळवेल की नाही हे त्याच फोनवर ठरतं. 2009 च्या कायद्यानं पशुवैद्यकाला लेखी कळवायचं काम ग्रामपंचायतीवर टाकलं आहेच. त्या पत्राची पोच आणि निकालाची प्रत ग्रामसभेत वाचली जावी, मालकाचं नाव न घेता. जनावर वेगळं बांधून वाचवणाऱ्याला त्या दिवसांच्या चाऱ्याइतके पैसे मिळावेत, मेल्यावर मिळणाऱ्या मदतीच्या छोट्याशा हिश्श्यात ते बसतील. लम्पीच्या वर्षात मेलेल्या जनावरांची यादी करून ती तपासायची यंत्रणा राज्यानं काही आठवड्यांत उभी केली होती. जगलेल्यांची यादी करायला वेगळी माणसं लागणार नाहीत.